५० वर्षं एकाच खुर्चीत: काउंट बेसीच्या बँडबद्दल

फ्रेडी ग्रीन नावाचा एक गिटारवाला होता. मार्च १९३७ मधे तो अमेरिकेतल्या काउंट बेसी या पियानोवाल्याच्या जॅझ बँडमधे आला आणि १ मार्च १९८७ ला लास वेगासला वारला तेव्हाही त्याच बँडमधे होता. मधला अगदी थोडा काळ सोडला तर सलग ५० वर्षं. आणि या ५० वर्षांत त्यानी सोलो जवळजवळ वाजवलाच नाही. समोर १२-१३ ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोनवाले कान फाटेपर्यंत फुंकतायत, आणि हा मधे बसून अ‍ॅम्प्लिफायर न लावता साधी लाकडी गिटार वाजवतोय, एका बारला, म्हणजे चार मात्रांच्या एका खंडाला, चार स्ट्रोक, परत चार, परत चार. बस. रात्रभर एवढंच.

मला हा माणूस का आवडतो ते सांगतो. मी शाळेत असल्यापासून हार्मोनियमवर लेहरा, म्हणजे तबल्याच्या सोलोखाली सतत फिरणारी ओळ, धरत आलोय. मिरजेला आमच्या तबल्याच्या क्लासमधे पेटी बरी वाजवणारा मी एकटाच, त्यामुळे कुणाचाही सोलो असला की लेहऱ्याला मी. ज्यांनी कधी लेहरा धरलाय त्यांना माहितीय, तीच १६ मात्रांची ओळ ४०-४० मिनिटं फिरवायची, लय तसूभर हलू द्यायची नाही, समोरचा तिहाई (तीनदा वाजवून समेवर यायचा तुकडा) कितीही आडवीतिडवी घेऊन आला तरी त्याला सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, जिथे सापडायला हवी तिथेच सापडली पाहिजे. टाळ्या त्याला. आणि त्या त्यालाच पडायला हव्यात, कारण काम त्याचं असतं, पण आपण हललो असतो तर तो पडला असता हे आपल्याला ठाऊक असतं आणि त्याला पण.

२००८ च्या आसपास पुण्यात नोकरीला होतो तेव्हा रूममेटच्या हार्डडिस्कवर जॅझचं एक फोल्डर होतं, त्यात बेसी होता. पहिल्यांदा फक्त ब्रासचा, म्हणजे ट्रम्पेट-ट्रॉम्बोनचा दणका ऐकू आला. बऱ्याच महिन्यांनी एका रात्री हेडफोन लावून ऐकताना खाली कुठेतरी छक् छक् छक् छक् असं काहीतरी चाललेलं जाणवलं, ऐकू आलं असं पण म्हणता येणार नाही, जाणवलं. मग शोधलं, तर हा फ्रेडी ग्रीन. त्या रात्रीपासून या बँडचा नाद लागला तो आजतागायत, आणि आज सविस्तर लिहायचं ठरवलंय कारण बँड अजून चालू आहे. १९३५ पासून, मधली दोनेक वर्षं सोडली तर! काउंट बेसी जाऊन चाळीसहून जास्त वर्षं झाली तरी.

काउंट बेसीचं खरं नाव विल्यम बेसी, जन्म २१ ऑगस्ट १९०४, न्यू जर्सीतलं रेड बँक हे गाव. आई लोकांचे कपडे धुवून द्यायची, केक करून विकायची, आणि त्यातून पोराच्या पियानोच्या शिकवणीचे पैसे द्यायची. त्याला खरं ड्रम्स वाजवायचे होते, पण त्याच भागात सनी ग्रिअर नावाचा पोरगा एवढा चांगला ड्रम वाजवायचा (हाच पुढे ड्यूक एलिंग्टन या नावाजलेल्या बँडवाल्याचा ड्रमर झाला) की बेसीनी ड्रम्सचा नाद सोडला आणि पियानोवर बसला. मग न्यूयॉर्कमधलं हार्लेम, तिथे फॅट्स वॉलर या पियानोवाल्याकडून ऑर्गन शिकला. मग एका फिरत्या तमाशासारख्या शोबरोबर गावोगाव, ज्याला तिकडे वॉडव्हिल म्हणतात, आणि १९२७ ला तो शो कॅन्सस सिटीत येऊन मोडला, आणि हा तिथेच अडकला.

अडकला ते बरं झालं. कॅन्सस सिटी म्हणजे त्या वेळी टॉम पेंडरगास्ट या पुढाऱ्याचं राज्य, देशभर दारूबंदी पण या शहरात ती फक्त कागदावर, क्लब रात्रभर उघडे. पुढे मंदीत बाकी देशातल्या बँडवाल्यांचे हाल चालले होते तेव्हा इथे वाजवणाऱ्याला काम मिळत होतं. रात्रभर काम म्हणजे रात्रभर वाजवणं, आणि रात्रभर वाजवायचं तर लिहिलेलं कागदावरचं म्युझिक पुरत नाही. मग काय करायचे, कुणीतरी एक छोटी ओळ काढायचा, दोन-चार सुरांची, सॅक्सवाले ती उचलायचे, ट्रम्पेटवाले तिला उत्तर द्यायचे, ट्रॉम्बोनवाले खालून तिसरंच काहीतरी घालायचे, आणि त्या सगळ्यावर एकजण उभा राहून सोलो वाजवायचा. या छोट्या ओळीला रिफ म्हणतात. मी आमच्याकडच्या लोकांना समजावताना नेहमी झीलकऱ्यांचं उदाहरण देतो. शाहीर पुढे उभा राहून पोवाडा सांगतोय आणि मागून झीलकरी जी जी रं जी करून त्याला उचलून धरतायत, त्याला दम घ्यायला जागा देतायत आणि परत ढकलतायत. कॅन्सस सिटीचं रिफ तेच काम करतं. फक्त झीलकरी दोन नाहीत, डझनभर आहेत आणि सगळ्यांच्या हातात पितळ आहे.

आणि हे सगळं बहुतेक वेळा ब्लूजच्या साच्यात. ब्लूज म्हणजे बारा बारचं एक आवर्तन, प्रत्येक बारला चार मात्रा, म्हणजे ४८ मात्रा. आपल्या भाषेत सांगायचं तर सुरुवात षड्जावर, पाचव्या बारला मध्यमावर जायचं, सातव्याला घरी यायचं, नवव्याला पंचम आणि अकराव्याला परत षड्ज. गाणारा असेल तर एक ओळ म्हणतो, तीच परत म्हणतो, आणि तिसऱ्या ओळीत गोष्ट पुरी करतो. एवढाच आराखडा. पण यावर आख्खी रात्र काढता येते, कारण सगळ्यांना आवर्तन पाठ असतं आणि कोण कुठे आहे ते न बघता कळतं. माझ्या गुरुजींना एकदा ऐकवलं होतं, जॅझबिझ त्यांनी कधी ऐकलेलं नाही, पहिली दोन आवर्तनं डोळे मिटून मांडीवर बोटं मोजत बसले आणि तिसऱ्याला बरोबर सुरुवातीला हात खाली आणला. काही बोलले नाहीत, परत लाव म्हणाले.

तर बेसी आधी वॉल्टर पेजच्या ब्लू डेव्हिल्स या बँडमधे गेला, तिथून १९२९ ला बेनी मोटेनच्या बँडमधे. एप्रिल १९३५ मधे टॉन्सिलच्या ऑपरेशनमधे मोटेन गेला. साधं टॉन्सिलचं ऑपरेशन. बँड विस्कटला आणि बेसीनी त्यातले काही, ब्लू डेव्हिल्समधले काही असे नऊजण जमवून बस्टर स्मिथ या सॅक्सवाल्याबरोबर कॅन्सस सिटीतल्या रेनो क्लबमधे वाजवायला सुरुवात केली. रेनो क्लबवरून स्थानिक रेडिओ स्टेशनवर प्रक्षेपण व्हायचं. १९३६ च्या सुरुवातीला जॉन हॅमंड नावाचा रेकॉर्डवाला शिकागोत आपल्या गाडीत बसला होता, गाडीचा रेडिओ फिरवता फिरवता त्याला हे लागलं. शेकडो मैलांवरून! तिथून गोष्ट हलली.

आणि पहिल्याच वळणावर फसवणूक. हॅमंड करार घेऊन पोचायच्या आत डेक्का कंपनीचा माणूस पोचला होता, आणि बेसीनी सही करून टाकली होती. रेकॉर्डच्या २४ बाजूंचे, म्हणजे २४ गाण्यांचे, एकूण ७५० डॉलर आणि रॉयल्टी शून्य. म्हणजे याच करारातल्या ज्या रेकॉर्ड्स पुढे जगभर वाजल्या त्यातून त्याला नंतर एक पैसाही नाही. हे वाचलं तेव्हा मला फार राग आला होता, अजूनही येतो. या करारामुळेच १९३६ च्या शेवटी हॅमंडनी शिकागोत त्यांचं छोटं रेकॉर्डिंग केलं ते बेसीचं नाव न लावता जोन्स-स्मिथ इनकॉर्पोरेटेड या नावानी करावं लागलं. लेस्टर यंगचं ते पहिलं रेकॉर्डिंग. २७ वर्षांचा होता. ज्यांनी ऐकलं नसेल त्यांनी आज ऐका, त्या काळात टेनर सॅक्स म्हणजे जाडजूड भरदार आवाज असं समीकरण होतं आणि हा माणूस हलका, कोरडा, गप्पा मारल्यासारखा वाजवतो.

न्यूयॉर्कला येईपर्यंत बँड मोठा झाला होता. सुरुवातीला जमलं नाही, सूर जुळेनात, टीका पण झाली. मग फ्रेडी ग्रीन आला आणि ज्याला ऑल अमेरिकन ऱ्हिदम सेक्शन म्हणतात ते चौघे पूर्ण झाले. बेसी पियानो, वॉल्टर पेज बास, जो जोन्स ड्रम्स, ग्रीन गिटार. यांनी नेमकं काय केलं? त्याआधी लय ड्रमरच्या पायात असायची, मोठा ढोल धडधड करत चार मात्रा मोजायचा. जो जोन्सनी ती लय पायातून काढून हाय-हॅटवर, म्हणजे त्या जोडझांजेवर आणली, त्यामुळे ती हलकी झाली, सरकायला लागली. मात्रा मोजायचं काम पेजच्या बासनी घेतलं, एकेक सूर पावलं टाकल्यासारखा. आणि ग्रीनची गिटार या दोघांच्या मधे सांध्यासारखी. त्याच्या तारा गिटारच्या मानेपासून बऱ्याच उंच बांधलेल्या असायच्या, दाबायला प्रचंड जोर लागायचा, पण त्यामुळेच आवाज बिन-माइकचा पोचायचा, आणि कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, पूर्ण न वाजवता बऱ्याचदा एक-दोनच सूर वाजू द्यायचा, बाकी तारा नुसत्या दाबून बंद.

आणि बेसी स्वतः! हा फॅट्स वॉलरच्या तालमीतला, दोन्ही हातांनी भरभरून वाजवणारा माणूस. पण हे तिघं एवढं सांभाळतायत म्हटल्यावर डावा हात जवळजवळ सोडूनच दिला त्यानी. उजव्या हातानी मधेच टिंग टिंग, तीन सूर, आणि मोठी मोकळी जागा. भरपूर वाजवता येणाऱ्या माणसानी कमी वाजवणं ही काय चीज आहे हे मला बेसी ऐकून कळलं, त्याआधी मी स्वतः लेहऱ्यात उगाच हरकती घालायचो.

या पहिल्या बँडची सिग्नेचर म्हणजे वन ओ क्लॉक जंप, जुलै १९३७ चं रेकॉर्डिंग. आधी त्याचं नाव रेडिओवर उच्चारता येण्यासारखं नव्हतं, निवेदकानी नाव विचारलं, घड्याळात एक वाजत आला होता, तेच नाव पडलं असं सांगतात. पूर्ण बारा बारचा ब्लूज, एकामागून एक सोलो आणि शेवटी सगळे रिफ एकमेकांवर चढतात. त्या रचनेत बस्टर स्मिथ आणि बँडमधल्याच एडी डरहॅमचा हात होता पण स्मिथ तोवर बँड सोडून गेला होता, न्यूयॉर्कला काही होईल यावर त्याचा विश्वास नव्हता. लेस्टर यंग आणि हर्शेल एव्हान्स हे दोन टेनर आमनेसामने, एकाचा आवाज हलका आणि दुसऱ्याचा दाट. जुगलबंदीच. हर्शेल १९३९ च्या फेब्रुवारीत हृदयविकारानी गेला, तिशी पण गाठली नव्हती.

बिली हॉलिडे १९३७-३८ मधे याच बँडबरोबर गायची. रेकॉर्ड कंपन्या वेगळ्या असल्यानी तिचं बँडबरोबर स्टुडिओ रेकॉर्डिंग नाही, रेडिओवरचे थोडे तुकडे आहेत फक्त. तिनी नंतर लिहून ठेवलंय की डेट्रॉइटला थिएटरवाल्यांना वाटलं ही या काळ्या लोकांमधे जास्तच गोरी दिसते, प्रेक्षक चिडतील, म्हणून तिला चेहऱ्याला काळा रंग लावून स्टेजवर उभं राहायला लावलं. यावर मी काय लिहू. ज्या संगीतावर अख्खा देश नाचत होता ते वाजवणाऱ्यांना दक्षिणेत गोऱ्यांच्या हॉटेलात खोली मिळत नव्हती, हे सगळं एकाच वेळी चालू होतं.

मग युद्ध. १९४० च्या शेवटी लेस्टर बँड सोडून गेला, परत आला, आणि १९४४ ला त्याला आणि जो जोन्सला दोघांनाही सैन्यात ओढलं. १९४२ ते ४४ वादकांच्या युनियनचा रेकॉर्डिंगवर बहिष्कार होता. १९४४ ला नाचाच्या जागांवर आधी ३० आणि मग २० टक्के कर बसला, त्यामुळे मालकांनी नाचच बंद केले. नवीन पोरं बीबॉपकडे वळली जे बसून ऐकायचं संगीत होतं. १६ माणसं, बसभाडं, जेवणखाण, गणवेश, हे परवडेना. १९५० ला बेसीनी बँड मोडला आणि सहा-आठ जणांचा छोटा ग्रुप काढला. त्यात सुरुवातीला फ्रेडी ग्रीन नव्हता. गोष्ट अशी सांगतात की एका रात्री तो बोलावणं नसताना गिटार घेऊन आला आणि आपल्या जागी बसला. मग उठलाच नाही.

१९५२ ला बेसीनी परत मोठा बँड उभा केला. सगळे मोठे बँड बंद पडत असताना! जॅझवाले पहिल्याला जुना करार आणि याला नवा करार म्हणतात, बायबलसारखं. फरक मोठा आहे. पहिला बँड सोलोवाल्यांचा, डोक्यातून वाजवणारा. दुसरा लिहिणाऱ्यांचा. नील हेफ्टी, फ्रँक फॉस्टर, फ्रँक वेस, थॅड जोन्स, पुढे क्विन्सी जोन्स. खूप लोक म्हणतात पहिलाच खरा. मला तसं वाटत नाही. मला उलट हे जास्त अवघड वाटतं की लिहिलेलं वाजवायचं आणि तरी ते आत्ता सुचल्यासारखं ऐकू आलं पाहिजे. १९५७ ला रेकॉर्ड झालेलं लिल डार्लिन घ्या. हेफ्टीनी ते बऱ्यापैकी जलद लिहिलं होतं, बेसीनी लय उतरवली, उतरवत उतरवत अशा ठिकाणी आणली की आता पडेल असं वाटतं. १६ माणसं विलंबित लयीत एकत्र, मात्रेच्या जरा मागे रेलून, आणि एकही पुढे पळत नाही. ज्यांनी विलंबित एकतालाला ठेका धरलाय त्यांना विचारा, द्रुत सोपं असतं. या रेकॉर्डवर खाली ग्रीन जरा जास्त स्पष्ट ऐकू येतो, म्हणून नव्या माणसाला मी हेच पहिल्यांदा ऐकवतो.

१९५४ च्या नाताळात जो विल्यम्स आला आणि ब्लूज परत मधोमध आला. आधीच्या बँडमधे जिमी रशिंग ब्लूज गायचा, तो वरच्या पट्टीत, मोकळा. विल्यम्सचा आवाज खालचा, मखमली. एव्हरी डे आय हॅव द ब्लूज या त्याच्या गाण्यानी १९५५ ला बँडचं नाव परत घराघरात नेलं. त्याच वर्षीच्या एप्रिल इन पॅरिसमधे शेवट झाला असं वाटतं आणि बेसी म्हणतो वन मोअर टाइम, परत शेवट, मग म्हणतो वन मोअर वन्स, आणि तिसऱ्यांदा. लोक अजून तिथे टाळ्या वाजवून ओरडतात. मे १९५९ मधे संगीताचे पहिले ग्रॅमी पुरस्कार दिले गेले त्यात बेसीला दोन मिळाले, ते मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय पुरुष. मग गायक फ्रँक सिनात्राबरोबरच्या रेकॉर्ड्स, १९६४ चं फ्लाय मी टू द मून, ज्याची टेप अपोलोवाल्यांबरोबर चंद्राच्या वाटेवर गेली. साठ-सत्तरच्या दशकातलं मी भराभर पुढे नेतोय कारण तेव्हाच्या काही रेकॉर्ड्स कंपनीच्या आग्रहानी सिनेमाची गाणी वगैरे घेऊन केलेल्या आहेत आणि त्या मी स्वतः फारशा लावत नाही. सॅमी नेस्टिकोनी लिहिलेल्या रचना मात्र जरूर ऐका, जगभरातले शाळा-कॉलेजचे बँड अजून त्यावर शिकतात.

१९७६ ला बेसीला हार्ट अ‍ॅटॅक आला, तरी परत वाजवायला आला. शेवटी शेवटी बॅटरीवर चालणाऱ्या स्कूटरवरून स्टेजवर यायचा, पियानोपर्यंत जायचा, बसायचा, टिंग टिंग. २६ एप्रिल १९८४ ला गेला.

इथे बहुतेक बँड संपतात. एक तर बंद पडतात किंवा मग जुन्या नावावर कुणीतरी पोटापाण्यासाठी वाजवत राहतं. इथे काय झालं तर गादी बँडच्या आतल्याच माणसांकडे गेली. थॅड जोन्स, मग १९८६ पासून फ्रँक फॉस्टर, मग ग्रोव्हर मिचेल, बिल ह्यूजेस, डेनिस मॅक्रेल, आणि २०१३ पासून ट्रम्पेटवाला स्कॉटी बार्नहार्ट. सगळे आधी त्या बँडमधे बसून वाजवलेले. बार्नहार्ट स्वतः १९९३ पासून बँडमधे आहे, वीस वर्षं रांगेत बसून मग पुढे आला. आपल्याकडे घराणं म्हणतो ते हेच ना, की स्वरलिपीच्या वहीतून न शिकता शेजारी बसून बसून अंगात उतरवायचं. लिल डार्लिन नेमकं किती मागे रेलायचं हे कुठल्या कागदावर लिहिता येतं? ते ज्याला माहिती आहे त्याच्या बाजूच्या खुर्चीवर बसावं लागतं.

२०२३ ला या बँडनी एक अल्बम काढला, नावच बेसी स्विंग्ज द ब्लूज. बडी गाय, बॉबी रश, रॉबर्ट क्रे, शेमेकिया कोपलंड असे ब्लूजवाले बोलावून बँडबरोबर गाऊन-वाजवून घेतलं. फेब्रुवारी २०२४ मधे त्याला मोठ्या जॅझ बँडच्या अल्बमचं ग्रॅमी मिळालं. बातमी वाचली तेव्हा मी ऑफिसच्या बसमधे होतो, हायवेवर ट्रॅफिक अडकलेलं, आणि मला एवढा आनंद झाला की शेजारच्याला सांगितलं, त्याला यातलं काही माहिती नव्हतं, पण त्यानी एक कान माझ्या इअरफोनला लावून एक आख्खं गाणं ऐकलं. रेनो क्लबमधे नऊजण जे वाजवत होते तोच बारा बारचा साचा.

आणि गिटारची ती खुर्ची. फ्रेडी ग्रीन गेला त्या वर्षी मी जेमतेम चालायला शिकलो होतो. त्याच्यानंतर त्या खुर्चीवर बरेच बसले, त्यातला एक विल मॅथ्यूज, १९९६ ला आला. हा कॅन्सस सिटीचा. त्याचे व्हिडिओ बघा एकदा, समोर ट्रम्पेटवाले उभे राहून छत उडवतायत आणि हा मधे बसून तेच करतोय. चार, चार, चार, चार.